शतायुष्याचे मोजमाप

घरातील वृद्ध पुरुष पिकल्या पानाप्रमाणे गळून पडला म्हणजे दारी जमलेली मंडळी बहुधा एकच उद्गार काढतात : “सोने झाले!” नव्वदी गाठली, मुलांचे संसार पाहिले, नातवंडे-पतवंडे अंगाखांद्यावर खेळविली, कोणाकडून फारशी सेवा न घेता डोळे मिटले; याहून अधिक काय हवे, असा त्या उद्गाराचा भाव असतो. शोक हलका करण्यास हे शब्द उपयोगी पडतात यात संशय नाही. परंतु तेरा दिवस उलटतात, पाहुणे आपापल्या गावी परततात, भिंतीवर तसबीर लागते, आणि मग घरातील विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. सोने झाले ते नेमके कशाचे? नव्वद वर्षे श्वास चालला याचे, की त्या श्वासांनी काही साधले याचे? आणि गेलेल्या माणसाचे स्मरण करावयाचे ते कोणत्या मापाने?

केवळ वर्षांची संख्या हे माप नव्हे, हे महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. चांगदेव चौदाशे वर्षे जगले अशी परंपरागत कथा आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी एकविसाव्या वर्षी, इ. स. १२९६ मध्ये, आळंदीस समाधी घेतली. चौदाशे वर्षांच्या योग्याने त्या बालकास पत्र लिहावयास घेतले, पण मायना काय लिहावा हे न कळून कागद कोराच धाडला. आणि इतकी वर्षे जगूनही हे कोरेच राहिले, असे चिमुकल्या मुक्ताबाईने म्हटले, असे सांगतात. कथेचा इशारा स्पष्ट आहे. आयुष्य हा कागद आहे. तो लांब असला म्हणजे त्यावर काही लिहिले गेलेच, असे होत नाही.

तरीही आपल्या शास्त्रांनी दीर्घायुष्याची इच्छा निंद्य मानलेली नाही. ईशोपनिषद आरंभीच सांगते की मनुष्याने कर्मे करीत शंभर वर्षे जगण्याची इच्छा धरावी. उलट कठोपनिषदात यमराज नचिकेत्यास हवे तितके आयुष्य, पुत्रपौत्र, हत्ती-घोडे आणि सुवर्ण देऊ करतो, आणि तो कुमार हे सारे नाकारतो. एक उपनिषद शंभर वर्षे मागावयास सांगते, दुसऱ्यातील आदर्श बालक दिलेली वर्षे परत करतो. वरवर पाहता हा विरोध वाटेल. वस्तुतः तो नाही. नचिकेत्यापुढे आयुष्य ठेवले होते ते ज्ञानाच्या बदल्यात, भोगाचे साधन म्हणून. ईशोपनिषदाने मागावयास सांगितले ते कर्माचे क्षेत्र म्हणून. पहिल्या अर्थाने आयुष्य हा मोबदला आहे, दुसऱ्या अर्थाने ती जबाबदारी आहे. राजा ययातीने दीर्घ तारुण्य मागितले ते पहिल्या अर्थाने. आपल्या पुत्राचे यौवन उसने घेऊन तो भोगीत राहिला, आणि शेवटी भोगाने वासना शमत नाही हे कबूल करून ते यौवन त्याला परत करावे लागले. जो दुसऱ्याची वर्षे खाऊन जगतो तो ययाती. जो आपली वर्षे दुसऱ्याच्या कामी लावून जगतो तो गृहस्थ.

मग गृहस्थाच्या आयुष्याचे माप कोणते? वैदिक परंपरेने याचे उत्तर एका शब्दात दिले आहे : ऋण. मनुष्य मोकळ्या हाताने जन्माला येत नाही, तो देणेकरी म्हणून येतो. देवांचे ऋण, ऋषींचे ऋण, पितरांचे ऋण. आणि शतपथब्राह्मणाने यात चौथे घातले ते मनुष्यांचे ऋण. ज्या सूर्याने, पर्जन्याने, भूमीने आपणास पोसले त्यांचे देणे यज्ञाने फेडावयाचे. ज्यांनी विद्या राखली त्यांचे देणे ती विद्या पुढे देऊन फेडावयाचे. ज्यांनी जन्म दिला त्यांचे देणे संततीस वाढवून फेडावयाचे. आणि ज्या अनोळखी माणसांच्या श्रमावर आपला दिवस उभा असतो त्यांचे देणे अतिथीस अन्न व निवारा देऊन फेडावयाचे. मनूने गृहस्थाश्रमास इतर आश्रमांचा आधार म्हटले ते याच कारणाने. ब्रह्मचारी, वानप्रस्थ, संन्यासी या तिघांचेही अन्न गृहस्थाच्याच चुलीवर शिजते. तेव्हा गृहस्थाचे स्मरण करावयाचे म्हणजे त्याच्या देण्याघेण्याची वही उघडून पाहावयाची. काय फिटले, काय राहिले, आणि राहिलेले आता कोणी फेडावयाचे?

या प्रश्नाचा विचार करण्यास छत्तीसगढातील भिलाई हे स्थळ फार योग्य आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार होऊन येथे वर्षास दहा लक्ष टन पोलाद काढण्याचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी दुर्गशेजारच्या या भूमीवर भाताची शेते होती, तळी होती, लहान लहान खेडी होती. त्या शेतांच्या जागी कारखाना आणि क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरांची वसाहत उभी राहिली. देशाच्या प्रत्येक प्रांतातून तरुण माणसे तेथे आली. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, बिहारी, ओडिया, आणि त्यांच्या शेजारी मूळचे छत्तीसगढी. मराठी माणसास तर ही भूमी परकी नव्हतीच. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर आला तेव्हापासून मराठी कुटुंबे तेथे नांदत आली होती; आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच त्या प्रांताची राजधानी होती.

याच छत्तीसगढात पेंड्रा येथून पंडित माधवराव सप्रे यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. मातृभाषा मराठी असलेल्या याच गृहस्थाने लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत उतरविले. सप्रे १८७१ साली जन्मले आणि १९२६ साली रायपुरास निवर्तले. पंचावन्न वर्षेही त्यांना पुरती लाभली नाहीत. उलट दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त यांना १८८५ ते १९७६ असे नव्वद वर्षांचे आयुष्य मिळाले. मध्यप्रांताच्या विधानसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि भारतीय संविधानाचे हिंदी भाषांतर करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. एकाचे आयुष्य आखूड, दुसऱ्याचे लांब. पण दोघांनीही ऋषिऋण फेडले, कारण जे ज्ञान एका भाषेत अडकले होते ते दोघांनीही दुसऱ्या भाषेतील माणसांच्या दारापर्यंत पोहोचविले. छत्तीसगढ त्या दोघांनाही स्मरतो तो वर्षे मोजून नव्हे.

परंतु सप्रे किंवा गुप्त यांच्यासारखे पुरुष थोडे. ज्या घरातून ‘सोने झाले’ हा उद्गार निघतो त्यातील बहुतेक वृद्ध इतिहासाच्या पानावर येत नाहीत. त्यांचे काय? येथे एका गृहस्थाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तो कोणी एक विशिष्ट पुरुष नव्हे. भिलाईच्या पहिल्या पिढीतील कित्येकांचे जीवन ज्या साच्याचे होते, त्या साच्याचा हा दृष्टांत आहे.

वर्ध्याकडील एका खेड्यातून बावीस वर्षांचा एक तरुण १९५८ च्या सुमारास एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन भिलाईस येतो. कारखान्यात तीन पाळ्या चालतात, कारण झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे वर्षानुवर्षे अखंड धगधगत राहावी लागते. रात्र असो, सण असो, घरी आजार असो, पाळीचा माणूस भट्टीवर हजर हवा. जुन्या काळी अग्निहोत्र्याच्या घरी अग्नी राखीत, तसा येथे हजारो माणसांनी मिळून अग्नी राखला. राजहऱ्याचे लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक यांतून निघालेल्या पोलादाचे रूळ झाले, आणि त्या रुळांवरून देशभर कोट्यवधी माणसे आपापल्या घरी जाऊ लागली. त्यांतील एकासही या तरुणाचे नाव ठाऊक नाही. प्रत्येक महिन्यास तो खेड्यातील आईवडिलांस मनीऑर्डर धाडतो. बहिणीचे लग्न करून देतो. स्वतःचे लग्न होते, क्वार्टर मिळते, मुले होतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपला म्हणजे आई मुलांना ओसरीवर नेऊन बसविते आणि पाळण्याच्या कड्या वाजू देत नाही. सेक्टरात गणेशोत्सव सुरू होतो, तेव्हा वर्गणीची वही त्याच्या हाती येते आणि पुढे चाळीस वर्षे राहते. शेजाऱ्याच्या मुलांना तो संध्याकाळी गणित शिकवितो. मराठी मुले त्याला ‘काका’ म्हणतात, छत्तीसगढी मुले ‘कका’. पुढे केस पांढरे झाल्यावर तोच ‘आजोबा’ होतो आणि तोच ‘बबा’ होतो.

आता या जीवनातील एक विशेष ध्यानात घ्यावा. खेड्यातील गृहस्थ निवर्तला म्हणजे त्याची स्मृती सांभाळण्यास त्याचे शेत असते, विहीर असते, आजोबांनी लावलेले आंब्याचे झाड असते. भिलाईच्या क्वार्टरास हे भाग्य नाही. नोकरी संपली की दारावरील पाटी निघते आणि दुसऱ्याची लागते. ज्या अंगणात मुलाने पहिले पाऊल टाकले तेथे दुसऱ्या कोणाचे मूल रांगू लागते. मुले पुढे पुण्यास, हैदराबादेस, परदेशी जातात. तेव्हा अशा गृहस्थाची स्मृती कोठे राहावी? ती माती-विटांत राहू शकत नाही. ती राहिली तर माणसांतच राहील. म्हणूनच गावाकडे जो प्रश्न झाकला जातो तो येथे उघडा पडतो. या माणसाने आपल्यामागे आचरणाखेरीज काहीच ठेवलेले नाही. मग ते आचरण कसे होते?

दृष्टांत पुढे नेऊ. हा गृहस्थ नव्वदीच्या घरात निवर्तला. मुले दूरदेशीहून आली. अंत्ययात्रेस खांदा देण्यास त्यांच्याआधी शेजारी उभे होते, कारण भिलाईत शेजारी हेच भाऊबंद. दिवस झाल्यावर वडिलांची पेटी उघडली. तीत एक जुनी वही निघाली. वडिलांनी कोणाकोणास किती रुपये दिले याची ती टिपणे होती. कोणाच्या मुलीच्या लग्नास, कोणाच्या इस्पितळाच्या खर्चास, पायास इजा होऊन घरी बसलेल्या एका सोबत्यास वर्षभर. परतफेडीचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. मुलांची छाती अभिमानाने भरून आली. पण थोरल्या मुलाचे लक्ष सालाकडे गेले. ज्या वर्षी त्या सोबत्यास दरमहा रक्कम जात होती, त्याच वर्षी फीचे पैसे नाहीत म्हणून त्याचे स्वतःचे पुढील शिक्षण राहिले होते, आणि त्याच वर्षी आईच्या हातातील पाटल्या मोडल्या होत्या. त्याने वही मिटली. स्मृतिपत्रिकेत वडिलांच्या परोपकाराविषयी लिहावयाचे ठरले होते. आता लिहावे की नाही, हेच त्याला कळेना. लिहिले तर अर्धसत्य होईल, न लिहिले तर कृतघ्नता होईल. आईस विचारले तेव्हा ती इतकेच म्हणाली, “पैसे त्यांनी दिले हे खरे. मला विचारले नव्हते हेही खरे. लिहायचे असेल तर दोन्ही लिहा.”

हा पेच कल्पनेतील असला तरी त्याचे मूळ प्रत्यक्षात आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण सर्व महाराष्ट्रास विदित आहे. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेले कर्वे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी निवर्तले. एकशेचार वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. परीक्षेसाठी कोकणातील मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी चालत गेलेला हा मुलगा दिसण्यात लहान म्हणून परत पाठविला गेला, आणि तरी तो थांबला नाही. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी एका विधवेशी विवाह केला आणि त्याबद्दल मुरुडच्या समाजाचा बहिष्कार सोसला. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जात. १९५८ साली, आयुष्याची शंभर वर्षे पुरी होत असता, त्यांस ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला. मनुष्यऋण फेडण्यात शतायुष्य कसे वेचावे याचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

पण या कथेस दुसरी बाजू आहे, आणि ती सांगणारीही घरातीलच आहे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना सर्वजण ‘बाया’ म्हणत, यांनी ‘माझे पुराण’ हे आपले आत्मचरित्र लिहिले. पतीचे सर्वस्व संस्थेकडे वाहत असता घरी चूल कशी पेटविली, मुले कशी वाढविली, याचा ताण कोणी सोसला हे त्यातून कळते. त्या पतीच्या कार्याच्या विरोधी नव्हत्या. स्वतःही त्या कार्यासाठी त्यांनी कष्ट उपसले. परंतु त्यांनी आपली बाजू गिळून टाकली नाही. यामुळे महर्षींचे मोठेपण कमी झाले काय? मुळीच नाही. उलट ते खरे झाले. ज्या त्यागाची किंमत कोणी मोजली हे सांगितलेले असते, त्याच त्यागावर पुढच्या पिढीचा विश्वास बसतो.

महाभारताने हीच रीत घालून दिली आहे. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी पंडवानी गाऊन पांडवांची कथा देशोदेशी पोहोचविली, आणि पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीही केली. त्या कथेत धर्मराज युधिष्ठिर धर्माचा पुतळा आहे; आणि त्याच युधिष्ठिराने पत्नीस न विचारता तिला पणास लावले, हेही तीत आहे. द्रौपदीने भरसभेत प्रश्न केला की आधी स्वतःस हरलेल्या पुरुषास मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? त्या प्रश्नास भीष्मही नीट उत्तर देऊ शकले नाहीत. व्यासांना हा प्रसंग वगळता आला असता. त्यांनी तो वगळला नाही, म्हणूनच युधिष्ठिराचा धर्म पोथीत न राहता माणसांच्या उपयोगी पडतो.

आता मूळ शंकेकडे वळावे. गृहस्थाने घर आधी पाहावे की समाज? भगवंताने तिसऱ्या अध्यायात जनकाचा दाखला देऊन लोकसंग्रहासाठी कर्म करावयास सांगितले आहे, आणि तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांविषयीची अनासक्ती हे ज्ञानाचे लक्षण म्हटले आहे. यावरून कोणी असे समजतील की जो घराकडे दुर्लक्ष करून समाजकार्यात रमला तो अनासक्त झाला. हा भ्रम होय. आसक्ती घरापुरतीच असते असे नाही. ती कीर्तीचीही असते, ‘मी देणारा’ या भावनेचीही असते. जो घरच्यांचा घास मोडून बाहेर देतो त्याने कदाचित घराची आसक्ती सोडली असेल, पण दात्याचा अहंकार सोडला की नाही हे त्याचे त्यालाच तपासले पाहिजे. उलट ‘आधी माझी मुले, मग जग’ असे म्हणून दार लावून घेणारा मोहातच आहे. कारण यज्ञात अर्पण न करता केवळ स्वतःसाठी शिजविलेले अन्न हे पापच, असे भगवंताने स्पष्ट बजाविले आहे.

या दोन कड्यांमधील वाट आपल्या विवाहसंस्कारातच दाखविलेली आहे. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत पत्नीस ओलांडून जाणार नाही, असे वचन वर अग्निसाक्ष देतो. त्यात ‘अर्थ’ हा शब्द आहे हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. घरातील पैसा हा एकट्याचा नव्हे. तेव्हा त्यातून केलेले दानही एकट्याचे नव्हे. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना भगवंताने योग्य देश, काल, पात्र आणि परतफेडीची अपेक्षा नसणे यांचा निर्देश केला आहे. दान देण्याची ही कसोटी आपल्या गृहस्थाने पार केली होती. पात्र योग्य होते, वेळ योग्य होती, परतीची इच्छा नव्हती. जे चुकले ते इतकेच की सहधर्मचारिणीस सहधर्मात घेतले नाही. विचारले असते तर कदाचित तिने पाटल्या स्वतःहून काढून दिल्या असत्या, आणि मग ते दान दोघांचे झाले असते. न विचारता घेतल्याने तिच्या त्यागातील इच्छा हिरावली गेली. थोरल्या मुलाच्या शिक्षणाचेही तसेच. ते ऋण वहीत लिहिलेले नव्हते, पण ते होतेच.

येथे भिलाईच्या भट्टीकडेच पुन्हा पाहावे. खाणीतून आलेले खनिज शुद्ध नसते. त्यात मातीदगड असतो. भट्टीत चुनखडक घालतात तो यासाठी की त्याने तो मळ आपल्याकडे ओढून घ्यावा. रसरसलेले लोखंड जड असल्याने तळाशी राहते, धातुमळी हलकी असल्याने वर तरंगते, आणि दोन्ही निरनिराळ्या वाटेने काढून घेतात. मळ नव्हताच असे म्हणणारा कारागीर लोखंड बिघडवील. मळ आहे म्हणून सगळे खनिजच फेकून देणारा मूर्ख ठरेल. आणि ती मळीही वाया जात नाही; तिचे सिमेंट होऊन तिच्यावर घरे उभी राहतात. पितरांचे स्मरण हे असेच असावे. गुण तळाशी राहू द्यावेत, चूक वेगळी काढावी, आणि त्या चुकीवरही पुढच्या पिढीचे घर बांधावे. ज्या मुलाने बापाची ही चूक जाणली तो आपल्या पत्नीस विचारल्यावाचून एक रुपयाही खर्चणार नाही, आणि तरीही दारी आलेल्या गरजवंतास विन्मुख धाडणार नाही.

दीर्घायुष्याची आणखी एक परीक्षा आहे, ती शेवटच्या वर्षांची. ज्याने आयुष्यभर दिले त्याला घेणे कठीण जाते. हात कापू लागतात, चष्म्यातूनही अक्षर लागत नाही, स्नानास दुसऱ्याचा आधार लागतो. अशा वेळी कित्येक कर्तबगार पुरुष चिडखोर होतात. आपण ओझे झालो हे त्यांना साहवत नाही. वास्तविक सेवा घेणे हाही धर्मच आहे. ज्याने दुसऱ्यास देण्याची संधी दिली नाही, त्याने त्याचे ऋण फेडण्याची वाटही अडविली. कधीकाळी ज्याला गणित शिकविले तो छत्तीसगढी मुलगा आता प्रौढ होऊन ‘बबा’ला रिक्षातून इस्पितळात नेतो, तेव्हा त्या वृद्धाने निमूटपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. यातच अहंकाराचा शेवटचा अवशेष गळतो. ज्याला हे साधले त्याचे खरोखर सोने झाले.

तेव्हा स्मरण कसे करावे? प्रथम, खरे बोलावे. मृताची स्तुती करताना त्याच्या पत्नीस, भावंडांस, मुलांस साक्षीदार करावे, आणि ज्यांच्या कष्टावर त्याचे पुण्य उभे राहिले त्यांची नावेही घ्यावीत. भिलाईच्या गृहस्थाने तर ज्या खेडुतांची भाताची शेते जाऊन तेथे आपले घर उभे राहिले त्यांचेही स्मरण ठेवावे, कारण मनुष्यऋणाच्या वहीत तीही एक नोंद आहे. दुसरे, शोकास मर्यादा असावी. देह वस्त्राप्रमाणे बदलतो हे जाणणाऱ्याने अश्रू ढाळू नयेत असे नव्हे. पण अश्रूंनी कर्तव्य झाकू नये. तिसरे, आणि हेच मुख्य, त्याचे राहिलेले ऋण आपल्या अंगावर घ्यावे. पिंडदान ही त्याची खूण आहे. फेड मात्र आचरणाने होते.

दृष्टांतातील मुलांनी शेवटी काय केले असेल? सुज्ञ वाचकांनी अशी कल्पना करावी की त्यांनी स्मृतिपत्रिकेत वडिलांच्या दानाचा उल्लेख केला आणि त्याच वाक्यात आईच्या पाटल्यांचाही केला. वहीतील रिकामे रकाने कोणाकडून वसूल केले नाहीत. वही मात्र जपून ठेवली, आणि शेवटच्या नोंदीखाली नवी नोंद केली : सेक्टरातील एका मुलाच्या फीची. देणाऱ्याच्या जागी एक नाव लिहिण्याऐवजी घरातील सर्वांची नावे लिहिली, आणि पहिले नाव आईचे लिहिले. भट्टीवरील पाळी बदलते, जुना माणूस हातमोजे काढून घरी जातो, नवा माणूस त्याच जागी उभा राहतो; अग्नी मात्र तोच असतो. गृहस्थाश्रमाचा अग्नीही असाच एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावयाचा असतो. तो ज्याने विझू दिला नाही त्याचे आयुष्य, ते चोपन्न वर्षांचे असो वा एकशेचार वर्षांचे, पुरते झाले असे समजावे.